वेगवान गोलंदाजीची ॲक्शन दुरुस्त करताना: पायापासून मनगटापर्यंत, क्रमाने

कुठल्याही नेटजवळ संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहा. "हात वर घे", "मनगट मागे ठेव", "जोर लाव" एवढ्या तीन सूचना आलटूनपालटून कानावर पडतील. तिन्ही हाताबद्दलच्या. मुलगा ऐकतो, दोन चेंडू बरे पडतात, तिसरा लेगला वाइड जातो आणि मग पुन्हा "हात वर". खरं तर हात खाली येतो तो बहुतेक वेळा पाय चुकीच्या जागी पडल्यामुळे. पाय चुकला की शरीर तोल सावरतं आणि त्या सावरण्यात हात, डोकं, मनगट सगळं हलतं. म्हणून दुरुस्ती जमिनीकडून वर करत जायची. क्रम उलटा केला, तर महिनाभर राबूनही ॲक्शन होती तिथेच राहते, वर पाठ धरते ती वेगळीच.

हा लेख साधारण १३ ते २१ वयाच्या, टेनिस बॉलवर वाढून सीझन बॉलकडे (कातडी, टणक चेंडूकडे) आलेल्या मुलामुलींसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि तालुक्याच्या गावी एकहाती अकादमी चालवणाऱ्या सरांसाठी आहे. वर्णन उजव्या हाताच्या गोलंदाजाचं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

सुरू करण्याआधी

पहिली गोष्ट वेळेची. ॲक्शनमधला बदल अंगवळणी पडायला सहा ते आठ आठवडे धरून चाला, आणि त्या काळात सामने नकोत. आपल्याकडे बहुतेकांना पावसाळा सोयीचा पडतो. मुंबईत पावसाळ्यातच चालणारी कांगा लीग खेळणाऱ्यांचं गणित उलटं असतं, त्यांनी ती संपल्यावरचा मोकळा काळ धरावा. निवड चाचणीला पंधरा दिवस उरले असताना "ॲक्शन जरा बघा ना सर" म्हणत येणाऱ्याला मी परत पाठवतो. पंधरा दिवसांत जुनी ॲक्शन मोडते, नवी बसत नाही, आणि पोरगं चाचणीत दोन्हींच्या मधे अडकतं.

दुसरी गोष्ट चेंडूची. टेनिस बॉलचं वजन साधारण ५६ ते ५९ ग्रॅम आणि पुरुषांच्या सीझन बॉलचं १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. हलक्या चेंडूला खांदा आणि मनगटाच्या झटक्याने वेग देता येतो. पाय कुठेही पडले तरी चालून जातं. जड चेंडू तो झटका मानत नाही. टेनिसमधला गावचा सर्वांत वेगवान गोलंदाज सीझन बॉलवर अचानक मध्यमगती वाटतो, त्याचं कारण हेच. तेरा वर्षांखालच्या मुलांना पूर्ण वजनाचा चेंडू देऊ नका. त्यांच्यासाठी हलका, लहान सीझन बॉल मिळतो.

साहित्य थोडकंच लागतं: स्लो-मोशन असलेला फोन, मेजपट्टी, फक्की, चार-सहा कोन (प्लॅस्टिकचे शंकू), पाच-सहा जुने चेंडू आणि अर्ध्या भागावर इन्सुलेशन टेप चिकटवलेला एक चेंडू.

तपासा: गुडघ्याहून थोड्या कमी उंचीच्या पायरीवरून खाली एका पायावर उतरा आणि तीन सेकंद तसेच स्थिर राहा. गुडघा आत झुकला किंवा दुसरा पाय टेकवावा लागला, तर आधी चार आठवडे पायांची ताकद वाढवा: एका पायावरचे स्क्वॉट, पोटऱ्यांचे व्यायाम, प्लँक. चेंडू टाकताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त भार येतो. पायरीवरून नीट उतरता न येणाऱ्या पायाला तो पेलणार नाही.

१. आधी चित्रीकरण, मग मत

नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत साधारण एक दशांश सेकंद जातो. नेहमीच्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तेवढ्या वेळाच्या जेमतेम तीन फ्रेम मिळतात. २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये चोवीसेक मिळतात. फोनमध्ये ती सोय असतेच, आपण ती लग्नाच्या वरातीसाठी वापरतो.

तीन जागांवरून शूटिंग करा. एकदा गोलंदाजाच्या उजव्या बाजूने, क्रीझच्या बरोबर रेषेत, आठ-दहा मीटर लांबून. एकदा पाठीमागून, रनअपच्या (चेंडू टाकण्याआधीच्या धावेच्या) रेषेत. आणि एकदा समोरून, फलंदाजाच्या स्टम्पमागून, जाळीच्या पलीकडून. फोन कमरेच्या उंचीवर आणि स्थिर असावा. प्रत्येक जागेवरून सहा-सहा चेंडू घ्या, तेही अंग नीट तापल्यावर आणि पूर्ण रनअपने. कॅमेरा बघून मुलं पहिले दोन चेंडू शहाण्यासारखी टाकतात, ते सोडून द्या.

चूक होते ती इथे: व्हिडिओ मिळाल्याबरोबर मुलगा चेंडू सुटतानाची फ्रेम थांबवतो आणि बुमराहच्या फोटोशेजारी लावतो. ती फ्रेम सगळ्यात शेवटी बघायची. आधी मागचा पाय टेकतो ती, मग पुढचा टेकतो ती. बुमराहचा कोपर मुळातच उलट बाजूला जास्त ताणला जातो. तो छोटा रनअप आणि ताठ हात ज्याच्या सांध्यांची ठेवणच वेगळी आहे, त्याने उसना घेऊन काही मिळत नाही.

२. ॲक्शनची जात ओळखा

मागचा पाय टेकतानाची फ्रेम थांबवा आणि तीन गोष्टी बघा: पावलाची दिशा, कंबर आणि खांदे. पाऊल क्रीझला समांतर, कंबर आणि खांदेही आडवे, डावा खांदा फलंदाजाकडे, तर ॲक्शन साइड-ऑन. कपिल देव डोळ्यांसमोर आणा. पाऊल फलंदाजाकडे, छातीही फलंदाजाकडे, तर फ्रंट-ऑन. वेस्ट इंडीजचा माल्कम मार्शल असा टाकायचा. या दोन टोकांच्या मधे कुठेही असलात तरी बिघडत नाही, फक्त कंबर आणि खांदे एकाच दिशेला हवेत.

बिघडतं ते मिक्स्ड ॲक्शनमध्ये. मागचा पाय टेकतो तेव्हा पाऊल आणि कंबर फलंदाजाकडे उघडी असतात, आणि पुढचा पाय टेकेपर्यंत मुलगा खांदे मागे वळवून साइड-ऑन होतो. कुणीतरी "साइड-ऑन हो" असं सांगितलेलं असतं. ते त्याने फक्त खांद्यांनी ऐकलेलं असतं. या पिळात कमरेचा मणका सापडतो. खांदे साधारण ३० अंशांहून जास्त मागे वळत असतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हेच दुरुस्त करायचं.

उपाय बहुतेक वेळा सोपा असतो, पण तो ऐकायला कुणाला आवडत नाही: खांदे कमरेच्या दिशेला आणा, कंबर खांद्यांच्या दिशेला नाही. ज्याचं मागचं पाऊल आपोआप फलंदाजाकडे पडतं, त्याला फ्रंट-ऑन टाकू द्या. फ्रंट-ऑन गोलंदाज आउटस्विंग (फलंदाजापासून बाहेर वळणारा चेंडू) टाकू शकत नाही, हा समज मैदानावर अजून टिकून आहे. मनगट आणि सीम (चेंडूची शिवण) नीट असली तर टाकतो.

३. रनअप: पावलांनी मोजू नका

बहुतेक मुलांचा रनअप हा त्यांच्या आवडत्या गोलंदाजाचा असतो. स्वतःचा रनअप शोधायची पद्धत अशी: पॉपिंग क्रीझवर (स्टम्पपुढच्या आडव्या रेषेवर) स्टम्पकडे तोंड करून उभे राहा आणि सीमारेषेच्या दिशेने, म्हणजे उलट्या दिशेने, नेहमीच्या लयीत पळत जाऊन जिथे आपोआप उडी आणि चेंडू येईल तिथे चेंडू टाका. सहा-सात वेळा करा. मित्राने प्रत्येक वेळी पुढचा पाय पडतो तिथे फक्कीची खूण करावी. खुणांची जिथे गर्दी होईल ते अंतर मेजपट्टीने मोजा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. पुढे प्रत्येक मैदानावर मेजपट्टीनेच लावा. पावलांनी मोजलेला रनअप सकाळी एक असतो आणि थकल्यावर दुसरा.

सुरुवात कुठल्या पायाने करायची ते ठरवून टाका आणि बदलू नका. उजव्या हाताचा गोलंदाज डाव्या पायावरून उडी घेतो, उजव्यावर उतरतो, मग डावा पुढे टाकतो. पावलांची संख्या त्याच हिशेबाने जुळली पाहिजे. उडीआधी एक चोरटं छोटं पाऊल पडत असेल, तर हिशेब जुळत नाही असं समजा. वेग हळूहळू वाढत जावा. जीव तोडून क्रीझवर येणाऱ्याला उडीनंतर शरीर सांभाळता येत नाही.

तपासा: बारा चेंडू पूर्ण रनअपने टाका आणि पुढच्या पायाच्या खुणा बघा. सगळ्या खुणा वीतभर जागेत आहेत पण रेषेच्या पुढे आहेत, तर स्टार्ट मार्क तेवढा मागे घ्या, काम झालं. खुणा दोन-दोन फुटांवर विखुरल्या आहेत, तर मार्क हलवून काहीच होणार नाही. अशा वेळी पहिली तीन पावलं बघा, गडबड जवळजवळ नेहमी तिथेच सापडते: कधी चालत सुरुवात, कधी उडी मारून.

नियमानुसार पुढच्या पावलाचा काही भाग, टेकलेला किंवा हवेत, पॉपिंग क्रीझच्या मागे असावा लागतो, आणि क्रीझ म्हणजे आखलेल्या रेषेची मागची कड. सरावात अर्धं पाऊल मागे पडेल असाच हिशेब ठेवा.

सावध: नेटमध्ये जागा अपुरी म्हणून छोट्या रनअपने, रेषेच्या फूटभर पुढून टाकायची सवय सर्वत्र दिसते. तिथे नो-बॉल कुणी बघत नाही. मग सामन्यात सहा षटकांत सात नो-बॉल पडतात आणि दोष "प्रेशर"ला दिला जातो. नेटमध्येही रेषा आखा. पूर्ण रनअपला जागा नसेल, तर छोट्या रनअपचंही वेगळं माप ठरवून ठेवा.

४. उडी आणि मागचा पाय

उडी पुढे जाण्यासाठी असते. वर उंच उडणारा गोलंदाज दिसतो छान, पण रनअपमध्ये कमावलेला वेग हवेत घालवतो आणि खाली येताना मागचा गुडघा बसतो. उडीच्या जागी दोन कोन आडवे ठेवा आणि त्यांच्यावरून लांब, बसकी उडी घेऊन मागच्या पायावर उतरा. चेंडू हातात नकोच. उतरल्यावर क्षणभर थांबा: पाऊल तुमच्या जातीप्रमाणे पडलं का, कंबर आणि खांदे एकाच दिशेला आहेत का, डोकं पावलाच्या वर आहे का. दहा-बारा वेळा झालं की पुरे.

इथे घाई करू नका. मिक्स्ड ॲक्शनवाल्याचे पहिले दोन आठवडे याच पायरीवर गेले तरी चालतील.

५. पुढचा पाय: इथेच सगळं अडतं

फक्कीने एक सरळ रेषा काढा. मागच्या पावलापासून निघून, पुढचं पाऊल पडेल तिथून, थेट समोरच्या ऑफ स्टम्पपर्यंत. चालत येऊन चेंडू टाका आणि ठसे बघा. पुढचं पाऊल रेषेवर किंवा एका पावलाच्या रुंदीइतकं इकडेतिकडे असेल तर ठीक.

पाऊल रेषा ओलांडून उजवीकडे पडत असेल, तर तुम्ही स्वतःचीच वाट अडवता आहात. कंबर वळायला जागा उरत नाही, मग शरीर डावीकडे वाकतं, डोकं पडतं आणि हात आडवा येतो. "हात वर घे" ही सूचना ज्यांना सगळ्यात जास्त मिळते, त्यातल्या निम्म्या मुलांचं दुखणं हे असतं असं माझं मत आहे. पाऊल फार डावीकडे पडत असेल, तर खांदे वेळेआधी उघडतात आणि चेंडू लेगला जातो.

एक सतरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. गावच्या टेनिस स्पर्धांमध्ये तीन षटकांत चार बळी काढणारा. समोरून काढलेल्या व्हिडिओत चेंडू सुटताना त्याचं डोकं डाव्या गुडघ्याच्याही पलीकडे गेलेलं दिसतं, खांदे तिरपे, हात जवळजवळ घड्याळातल्या दोनच्या काट्याइतका खाली. सगळे हात बघतात. व्हिडिओ पंधरा-वीस फ्रेम मागे न्या: पुढचा बूट मागच्या बुटाच्या रेषेपासून दीड पाऊल उजवीकडे पडलेला आहे. हाताबद्दल एक शब्दही न बोलता त्याच्या पुढच्या पावलाच्या उजवीकडे एक कोन ठेवा आणि "कोनाला बूट लागू देऊ नकोस" एवढंच सांगा. पहिल्या काही चेंडूंना तो धडपडेल, चेंडू कुठेही जातील. पाऊल जागेवर पडायला लागलं की डोकं सरळ होतं, आणि डोक्यापाठोपाठ हात वर येतो.

पुढच्या गुडघ्याबद्दल थोडं. वेगवान टाकणाऱ्यांचा पुढचा पाय सहसा ताठ राहतो. गुडघा खाली बसला की वेग जमिनीत जातो. पण "पाय ताठ कर" असं ओरडून तो ताठ होत नाही, आणि कमकुवत पाय जबरदस्तीने ताठ केला तर धक्का थेट पाठीला बसतो. सुरुवातीला सांगितलेली पायरीची चाचणी ज्याला सहज जमते, त्यानेच यावर काम करावं.

६. दोन हात आणि डोकं

चेंडूचा हात बिचारा पुढच्या हाताच्या मागे येतो. डावा हात जिथे जाईल तिथे खांदा जातो. डावा हात समोर उंच, फलंदाजाच्या दिशेने. मग कोपर खाली ओढून डाव्या खिशाजवळून मागे. तो बाजूला फेकला गेला, तर डोकंही त्याच्याबरोबर जातं.

सराव: मागचा-पुढचा पाय जागेवर ठेवून उभ्याने चेंडू टाका, डाव्या हातात छोटा टॉवेल धरा. टॉवेल खिशाला घासून मागे गेला पाहिजे. दहा चेंडू.

कोपराबद्दल: आयसीसीच्या नियमात हात खांद्याच्या उंचीवर आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर जास्तीत जास्त १५ अंश सरळ होऊ शकतो. उघड्या डोळ्यांना हे अंश मोजता येत नाहीत. टेनिसमध्ये फेकी ॲक्शन बऱ्याचदा खपून जाते. सीझन बॉलवर शंका आली, तर लवकर जाणत्या प्रशिक्षकाला दाखवा. उशीर केला की सवय पक्की होते.

७. मनगट आणि सीम

शेवटची पायरी, आणि खरं सांगायचं तर वरचं सगळं जमलं की सोपी. पाठीवर झोपा, चेंडू मनगटाने सरळ वर उडवा, झेला; अर्ध्या टेपमुळे सीम डगमगते का ते लगेच दिसतं. मग पाच मीटरवरच्या मित्राकडे नुसत्या मनगटाने. टेनिसवाल्यांची बोटं चेंडूच्या बाजूने घसरतात, ती मागे आणायला वेळ लागतो.

८. फॉलो-थ्रू

उजवी कंबर आणि उजवा खांदा फलंदाजाच्या दिशेने पूर्ण जाऊ द्या आणि चार-पाच पावलं पळत राहा. चेंडू टाकून जागच्या जागी थांबणं म्हणजे पळत्या शरीराला पाठीने ब्रेक लावणं. मात्र खेळपट्टीवरून बाजूला व्हा: पॉपिंग क्रीझच्या पुढे ५ फुटांपासून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एक-एक फूट ही जागा संरक्षित आहे, तिथे पळालात तर पंच ताकीद देतील. नेटमध्ये कोन लावून ती जागा अडवा.

सराव पुढे कसा न्यायचा

प्रत्येक दुरुस्तीसाठी क्रम एकच: उभ्याने, एका पावलाने, चालत, सहा पावलांच्या रनअपने, मग पूर्ण रनअपने. दहापैकी आठ चेंडूंना पाऊल बरोबर पडलं (व्हिडिओत किंवा फक्कीवर, "वाटतंय" म्हणून नाही) तर पुढे जा. घसरलं तर एक पायरी मागे. समोर फलंदाज पूर्ण रनअप बसल्यावरच आणा. फलंदाज दिसला की मुलगा चौकार वाचवायला जातो आणि जुनी ॲक्शन हजर होते.

एका आठवड्यात एकच सूचना, तीही एकाच तोंडून. सर एक सांगतात, बाबा जाळीबाहेरून दुसरं, आणि मोठा दादा घरी तिसरं. पालकांनी व्हिडिओ काढावा आणि चेंडू मोजावेत. ती मदत मोठी आहे. या काळात चेंडू कुठे पडतो याकडेही बघू नका.

चेंडूंची मोजणी आणि पाठ

वहीत रोज टाकलेले सगळे चेंडू लिहा: नेट, सामना, शाळेचं मैदान, आणि रात्री प्रकाशझोतात खेळलेली टेनिस स्पर्धासुद्धा. ती कुणीच मोजत नाही, शरीर मात्र मोजतं. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वेगवान गोलंदाजांसाठी घातलेली मर्यादा सोयीची आहे: १३ वर्षांखाली एका स्पेलमध्ये (एका दमात, सलग) ५ आणि दिवसाला १० षटकं, १५ खाली ६ आणि १२, १७ खाली ७ आणि १८. सुट्टीनंतर परतताना आठवड्यागणिक थोडीथोडी वाढ करा.

थांबा: कमरेत, बहुधा डाव्या बाजूला, दुखत असेल आणि एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर ते वाढत असेल, तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद. बाम, मालीश, पट्टा बांधून पुन्हा मैदानात, असं करू नका. मणक्यातला सुरुवातीचा स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर) साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही, एमआरआय लागू शकतो. हाडांच्या डॉक्टरांना "मी वेगवान गोलंदाज आहे" हे आधी सांगा. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याची पाठ अशीच गेली आणि तो बदललेल्या ॲक्शनने परतला; बुमराहचा २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक पाठीमुळेच हुकला. वेळेवर निदान झालं तर काही महिन्यांची विश्रांती बहुधा पुरते.

पहिला सामना

पहिल्या सामन्यात दोन-तीन षटकांचे छोटे स्पेल मागून घ्या, कर्णधाराला आधीच सांगून ठेवा. मेजपट्टी किटबॅगमध्ये असू द्या आणि टॉसआधी दोन्ही टोकांना मार्क लावा. उतार आणि वारा यांमुळे एका टोकाला फूटभर फरक पडू शकतो. नो-बॉल पडला तर पाऊल आखडून चेंडू टाकू नका, त्याने उडी बिघडते. मार्क अर्धा फूट मागे घ्या आणि पुढचा चेंडू त्याच लयीत टाका.